तिसरा टोला

लिंदाउराने कळ दाबली आणि पडद्यावर 'मोठी' हा शब्द उमटायची वाट पाहिली. शब्द उमटला नाही. वर मनोऱ्यात मोठी घंटाच वाजली.

ती चर्चच्या मनोऱ्याच्या पायथ्याच्या खोलीत, विजेच्या पेटीशेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. दारातल्या बाकावर तिचे वडील कुस्तोदियो होते. या गावच्या घंटा वाजवण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. त्यांनी मान वर केली तोवर दुसरा टोला पडला.

"बाबा, हे खरंच वाजतंय!"

"ऐकू येतंय. बहिरा नाही झालो अजून."

"बंद करते."

"खबरदार हात लावशील तर! मयताचा नाद आहे तो. अर्ध्यावर तोडलास तर आणखी एकाला घेऊन जाईल."

लिंदाउरा बेलो ओरिझोंते शहरात राहून शिकलेली, यंत्रं बनवून पोट भरणारी बाई. असल्या गोष्टींवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. तरी थांबवायच्या कळीवर गेलेलं बोट तिने मुकाट्याने मागे घेतलं. या गावात वाढलेल्या कुणीही तेच केलं असतं.

चूक तिचीच होती. घंटांवर पडणाऱ्या विजेच्या हातोड्यांचा मालक होता तिने सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम. वीज किती सोडायची, घंटेला तडा जाऊ नये म्हणून दोन टोल्यांत निदान किती उसंत द्यायची, हे सगळं त्याच्या ताब्यात. पण सणाचा नाद कसा, बारशाचा कसा, मयताचा कसा, यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. ते सगळं लुआ या भाषेतल्या लहान लहान फायलींत होतं. सी फाईल उघडायचा आणि लुआला म्हणायचा, चालव. लुआ ओळीमागून ओळ वाचायची आणि टोला हवा असला की उलट सीलाच हाक मारायची. चर्चच्या रोझारियो मंडळाने उद्या नाद बदलायचं ठरवलं तर फाईलीतला एखादा आकडा बदलला की काम झालं, मूळ प्रोग्रॅम उसवायला नको. चाचणीसाठी तिने एक खोटा टोलाही करून ठेवला होता. तो घंटेला शिवत नसे, पडद्यावर नुसता शब्द लिही. काल एक हातोडा तपासताना तिने लुआच्या हाती खरा टोला दिला होता आणि परत खोटा द्यायचा राहून गेला.

तिसरा टोला किंचित उशिराने पडला. मग धाकट्या घंटेचे तीन, मग पुन्हा मोठीचे. म्हणजे गेलेला पुरुष, आणि तोही रोझारियो मंडळातला. एवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

चौकातली माणसं जागच्या जागी थांबली. पुरुषांनी टोप्या काढल्या. लिंदाउराने दाराकडे पाहिलं, तर वडिलांनीही टोपी काढून छातीशी धरली होती. तिने त्यांना कधीच असं पाहिलं नव्हतं. गावात कुणी गेलं की ते वर दोर ओढत असायचे. मयताचा नाद खाली उभं राहून ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली होती. पायऱ्या चढलात तर खाली खांद्यावरूनच आणावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. पुष्कळ भांडण झाल्यावर एवढंच कबूल केलं, "मीच वाजवतोय असं भासवून तुझ्या यंत्राने एकाला जरी फसवलं तर किल्ली तुझी. नाहीतर ईस्टरला मी वर चढणार."

शेवटचा टोला विरला. पहिल्यांदा आल्या शेजारच्या दोना झुल्मिरा, हातात कॉफीची किटली.

"कोण गेलं गं?"

"कुणी नाही. माझ्या हातून चुकून वाजलं."

"अगं बाई! आणि मी मयतासाठी किटलीभर कॉफी केली ना! आता प्या सगळे, जिवंत आहात तर."

त्यांच्या मागून मंडळाचे प्रमुख, सेउ आमान्सियो, धापा टाकत आले. यंत्राची घंटा म्हणजे टाइपरायटर, असं भर सभेत म्हणणारे हेच. ते लिंदाउराकडे न बघता थेट मनोऱ्याच्या जिन्याकडे निघाले आणि वर तोंड करून ओरडले,

"कुस्तोदियो! मरायचंय का तुला? खाली उतर आधी!"

"मी इथं आहे," बाकावरून आवाज आला.

आमान्सियो गर्रकन वळले. त्यांनी बाकाकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं.

"मग वर कोण आहे?"

"कुणी नाही."

"थापा मारू नकोस. तुझा तिसरा टोला मी झोपेतही ओळखीन. बाकीचे नुसते वाजवतात. तू त्या तिसऱ्याला जरा थांबवतोस, माणसाला जायला जीव होत नसावा तसा. माझ्या भावाच्या वेळीही थांबवला होतास."

कुस्तोदियोंनी गळ्यातली मनोऱ्याची किल्ली काढून लॅपटॉपशेजारी ठेवली. आमान्सियोंना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. झाला तेव्हा त्यांनी झुल्मिराबाईंच्या हातून कॉफी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून प्यायली.

माणसं पांगली. लिंदाउराला खरं तर आनंद व्हायला हवा होता. वडिलांचा अखेरचा नाद तिने ध्वनिमुद्रित केला होता, त्यातली अंतरं मोजून फाईलीत भरली होती, आणि तो थांबा तिच्या हातून निसटला नव्हता.

"तो तिसरा टोला," वडील म्हणाले, "नीट कर."

"नीटच आहे. तुमचाच आहे."

"माझा नाही, माझ्या खांद्याचा आहे. दोर ओढताना निखळला होता एकदा. तेव्हापासून तिसऱ्याला हात वर जायला वेळ लागतो. बोललो असतो तर दोर काढून घेतला असता. माझ्या गुरूचे तिन्ही टोले सारखे पडायचे. तुझ्या यंत्राला कुठे खांदा आहे? बदल तो आकडा."

तिने फाईल उघडली. ती ओळ सापडायला वेळ लागला नाही. सीला हात लावायची गरज नव्हती, एक आकडा पुसायचा होता. तिने बोट कळीवर ठेवलं आणि वडिलांकडे पाहिलं.

नाद थांबून बराच वेळ झाला होता. चौकातले पुरुष केव्हाच टोप्या घालून आपापल्या कामाला लागले होते. कुस्तोदियोंची टोपी अजून छातीशीच होती.

"बदलला का?"

"हो," लिंदाउरा म्हणाली, आणि तिने फाईल होती तशीच बंद केली.