वाटीतले पचन

लापशी पुन्हा पाण्यासारखी झाली होती. पातेल्यात तर चमचा उभा राहील इतकी घट्ट होती. वाटीत औषध मिसळून नवऱ्याला उठवून बसवेपर्यंत ही गत.

"पीठच भिकार असेल," तो म्हणाला. "दे इकडे."

लापशी करणाऱ्या बाईंचा जन्म कारखान्याच्या खानावळीत रांधण्यात गेला होता. सगळे त्यांना मावशी म्हणत. नवऱ्याचे स्वादुपिंड काढल्यापासून साधी लापशी त्यांना साधत नव्हती, आणि त्याचे वजन उतरतच होते. ते सावरल्याशिवाय कर्करोगाचे पुढचे औषध सुरू होणार नव्हते.

त्या दिवशीही वजनाचा काटा खालीच आला. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ मुलीने विचारले, "जेवणाबरोबरची कॅप्सूल कशी देता, मावशी?"

"उघडून. आत कडक दाणे असतात ना, ते खलात घोटते नि कोमट लापशीत कालवते. जड पडायला नको त्यांना."

मुलीने कागदावर जठर आणि आतडे काढून दाखवले.

"स्वादुपिंडाचा रस लहान आतड्यात उतरतो, मावशी. पीठ, चरबी, प्रथिनं, सगळं तिथे फोडतो, मग आतडं ते शोषून घेतं. काकांना आता तो रस नाही, म्हणून या दाण्यांतून द्यायचा. जठरातल्या आम्लाने तो मरू नये म्हणून दाण्यावर कवच असतं, ते आतड्यात जाऊन विरघळतं. तुम्ही कवचच फोडलंत. थोडं काम वाटीत झालं, बाकीचा रस जठरात मेला."

"म्हणजे लापशी बिघडत नव्हती?"

"नाही. पचत होती."

मग तिने काकांना तोंड उघडायला लावले. जीभ, गाल, सगळे सोलवटले होते. "हेही त्या रसानेच. दाणे फुटले की तो तोंडही पचवू लागतो. दुखत नव्हतं?"

काकांनी तोंड मिटून घेतले.

"मीठ जरा जास्त पडलं तर गल्ली गोळा करायचात," मावशी म्हणाल्या. "आणि नेमकं आत्ता गप्प बसायचं शहाणपण सुचलं?"

"'स्वयंपाकाचा हात गेला माझा' म्हणत तू आधीच रडवेली. त्यात माझं कुठे रडगाणं."

पुढचे औषध लांबणीवर पडले. कधीपर्यंत, ते डॉक्टरांनी सांगितले नाही.

संध्याकाळी काकांनी पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल अख्खी गिळली. लापशी घट्टच राहिली. घास या गालातून त्या गालात नेत ते सावकाश जेवू लागले. मावशी भिंतीकडे तोंड करून बसल्या. दुखेल तेव्हा काकांना तोंड वेडेवाकडे करायला मोकळीक मिळावी म्हणून.