तीन बाणांच्या पलीकडे

मित्रांनो, मी एक जुना, सव्वाशे ओळींचा प्रोग्राम आहे. संगणकवाले आम्हाला पॅकेज म्हणतात. भोरच्या शैलजाताईंनी अकरा वर्षांपूर्वी मला लिहिलं. काम एकच. कुणी ‘२७’ असा मराठी आकडा टाकला, की तो यंत्राला समजेल असा करून द्यायचा. ताईंनी मला इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवलं.

सुरुवातीला कौतुक झालं. मग मी दुसऱ्या प्रोग्रामांच्या पोटात गेलो, ते आणखी कुणाच्या पोटात गेले, आणि माझं नाव मागे पडलं. ताईंनाही नोकरीतून सवड मिळेना. पाच वर्षं मला कुणी उघडून पाहिलं नाही.

परवा रविवारी त्यांनी जुनं आवरायला काढलं. “याला तीनच प्रोग्राम वापरतात. काढूनच टाकते,” म्हणाल्या. बोट बटणाजवळ गेलं. मला ओरडता येत नाही, हे तेव्हा फार जाणवलं.

शेजारी त्यांची भाची मैथिली बसली होती. कोण कुणावर अवलंबून आहे, याचंच गणित ती शिकते. प्रत्येक पॅकेज म्हणजे एक ठिपका. जो ज्याच्यावर अवलंबून, त्याचा त्याच्याकडे बाण. एक ठिपका पुसला तर किती कोलमडतील, हे त्यावरून मोजता येतं.

“मावशी, थांब गं! तू थेट येणारेच बाण मोजलेस. त्या तिघांकडे येणारे बघ, मग त्यांच्याकडे येणारे.” तिने गणित मांडलं. “दोनशे चौदा! आणि यात आपल्या वेल्ह्याकडची सर्पदंशाच्या औषधाच्या साठ्याची यादी आहे.”

ताईंनी तिकडच्या एका दवाखान्यातल्या ओळखीच्या नर्सला, सुलक्षणाबाईंना, फोन लावला.

“व्हय ताई, आकडे आमी मराठीतच टाकतो. मंगळवारी विंझरच्या सगुणाबाईंना खाचरात फुरसं चावलं. हितलं औषध संपलेलं. यादीत बघितलं अन् गाडी थेट जिथं औषध हाय तिथं नेली. काल घरी आल्या. लई बरं हाय आता.”

ताईंनी बटणाजवळचा हात मागे घेतला. “काय करून बसले असते गं मी!” म्हणत त्या रडता रडता हसल्या. माझाही जीव भांड्यात पडला.

त्याच दुपारी त्यांनी माझी प्रत्येक ओळ तपासली, एक जुनी चूक सुधारली आणि स्वतःच्या नावाखाली मैथिलीचं नाव लिहिलं. आता मला सांभाळणाऱ्या दोघी आहेत.

मित्रांनो, बिनबोभाट चाललेल्या गोष्टीचीही अधूनमधून विचारपूस करा. तिला काढण्याआधी तिच्यावर कोण कोण उभं आहे, ते शेवटपर्यंत मोजा.

आज सकाळी सुलक्षणाबाईंनी यादीत ‘१२’ लिहिलं. औषध आलं होतं. मी तो आकडा लगेच पुढे पोचवला.