चादरीचं दुसरं टोक

ही गेल्यावर मी पुन्हा कामावर गेलो, त्या पहिल्याच दिवशी माझ्यामुळे सगळी लाँड्री बंद पडली.

आमची लाँड्री दवाखान्यांची. चादरी, अभ्रे, टॉवेल. धुऊन पिळलेली चादर रोलरवर जाते. रोलर म्हणजे खोलीएवढं इस्त्रीचं मशीन. चादरीची पुढची दोन टोकं दोघांनी धरायची, पट्ट्यावर सपाट टेकवायची आणि एकाच वेळी सोडायची. एकानं सोडली आणि दुसऱ्यानं धरून ठेवली की चादर तिरकी आत जाते आणि धरणाऱ्याचा हात तिच्यामागे ओढला जातो. म्हणून रोलरच्या तोंडाशी एक दांडी लावलेली आहे. तिला बोट लागलं की मशीन बंद.

इतकी वर्षं एका टोकाला ही आणि दुसऱ्या टोकाला मी. आमचं लग्न रोलरवरच जमलं असं लोक म्हणायचे. ते खरं नव्हतं, लग्न आधीच झालं होतं. पण ही म्हणायची, "असू दे की, म्हणतात तर म्हणू दे. तेवढंच नाव."

शेवटी ही दवाखान्यात होती तेव्हा तिच्या अंगावरची चादर आमच्याच लाँड्रीतली होती. काठावरच्या निळ्या दोऱ्यावरून कळलं. तिनंच दाखवलं. म्हणाली, "हा कोपरा बघा, दुमडलाय. कुणी सोडली ही?"

त्या पहिल्या दिवशी समोर ड्रायव्हर होता. आधी तो लाँड्रीची गाडी चालवायचा. गाड्यांचं काम बाहेर दिलं, तेव्हा त्याला आत घेतलं. एकाला अनेक कामं आली पाहिजेत, असं आता धोरण आहे. ड्रायव्हरनं चादर सोडली. मी सोडली नाही. मी वाट बघत होतो. दांडीला बोटं लागली आणि रोलर थांबला. मागची धुलाई थांबली, पुढची घडी थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले.

सुपरवायझर वाईट माणूस नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काही दिवस मागच्या खोलीत बसा. फाटके टॉवेल निवडा. प्रशिक्षण पूर्ण झालं की चाचणी घेऊ. जमलं तर रोलर तुमचा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर दुसरी जोडी तयार आहे. तुम्ही टॉवेलवरच राहाल. तिकडे दगदगही कमी."

मागच्या खोलीत एक टेबल, एक दिवा आणि टॉवेल. समोर भिंत. घरीही समोर भिंतच. निदान कामावर तरी समोर माणूस असावं, एवढंच मला हवं होतं.

प्रशिक्षण म्हणजे फोन. पाच-पाच मिनिटांचे धडे. एक झाला की पडद्यावर चांदणी फुटते आणि शाब्बास म्हणतात. रोज सकाळी निरोप येतो, 'आज नवीन काय शिकणार?' तेव्हा मी हिच्या चष्म्याकडे बघत चहा पीत असतो. तो चष्मा कुठे ठेवायचा, याचा धडा फोनमध्ये नव्हता.

फोनचे धडे झाले की प्रत्यक्ष शिकवायला मॅडम यायच्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. हुशार, आणि घाई न करणाऱ्या. रोलरवर त्यांनी नवा दिवा बसवून घेतला होता. चादर नीट टेकली की दिवा हिरवा होतो. हिरवा झाला की सोडायची. समोरच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. मग कुणाबरोबरही जोडी लावा, काम तसंच होतं.

"तुम्ही आधी वेळ कशी साधायचा, काका?" मॅडमनी विचारलं.

"ही 'हं' म्हणायची. मग आम्ही दोघं सोडायचो."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "नवीन शिकणं सोपं असतं. जुनं विसरणं शिकावं लागतं. आपल्याला तो 'हं' विसरायचाय. जमेल हळूहळू."

त्यांनी ते चांगल्या मनानंच सांगितलं. त्यांच्या वहीतलं वाक्य असणार. मी मान हलवली.

ड्रायव्हर फस्सकन हसला. "यांचं विसरणं राहू दे मॅडम, माझं बघा. सगळी नोकरी स्टिअरिंगवर गेली. हिरवा दिवा दिसला की माझे हात घट्ट होतात आणि उजवा पाय खाली दाबला जातो. चादर सोडायची ते सोडून मी ती पळवायला बघतो."

"मग लाल दिव्याला सोडा," मी म्हटलं.

"लाल दिव्याला झोप येते."

मॅडमही हसल्या. पण गंमत नव्हती ती. ड्रायव्हरचं खरंच तसं व्हायचं. सरावात दर दोन-तीन चादरींमागे त्याची मूठ आवळायची. पहिल्या दिवशी त्यानं सोडली ती दिवा नव्हता म्हणून. आणि माझं उलटं. दिवा हिरवा झालेला दिसायचा, तरी कान वाट बघायचे. दोघांपैकी एक जण रोज चुकायचा. चाचणी जोडीची होती, म्हणजे एक पडला की दोघं पडणार. ड्रायव्हरला तर टॉवेलचं टेबलही नव्हतं. नापास झाला तर त्याला घरीच बसावं लागणार होतं.

चाचणीच्या आधी आम्ही चहा घेत होतो. रोलरच्या पलीकडे चादरींच्या घड्या घालणारी मावशी आमच्यात येऊन बसली. हिची ती बहिणीसारखी, म्हणून मला दाजी म्हणते.

"दाजी, मॅडमना काय खोटंनाटं सांगितलं तुम्ही?"

"काय खोटं सांगितलं?"

"ताई कुठे 'हं' म्हणायची? 'हं' तर तुमचं होतं. ते ऐकून ताई चादर सोडायची."

"तुम्ही मशीनच्या त्या टोकाला. एवढ्या आवाजात तुम्हाला काय ऐकू येणार?"

"बाईचा आवाज आणि बाप्याचा आवाज कळत नाही होय मला? जन्म गेला पलीकडे उभं राहून."

मला राग आला. मी कप तसाच ठेवून उठलो. ड्रायव्हर मागून म्हणाला, "मावशी, परीक्षेआधी कशाला चिडवता माणसाला? आमचं पास होणं तुमच्या हातात नाही, पण नापास होणं आहे." मावशी म्हणाली, "मी कशाला चिडवू? आहे ते सांगितलं."

चष्मा सोडला तर घरातली हिची प्रत्येक वस्तू कुणी ना कुणी मागून नेली होती. साड्या मुलीनं नेल्या, स्वेटर मावशीनंच नेला. तो एक आवाज माझ्याकडे होता. तोही हिचा नव्हता म्हणे.

चाचणीला सुपरवायझर आणि मॅडम बाजूला उभे राहिले. दहा चादरी सरळ गेल्या पाहिजेत, असं ठरलं होतं. मी दिव्यावर नजर लावली. कानांना गप्प बसायला सांगितलं. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरीही सरळ गेली. हात आपोआप चालत होते आणि मला दमल्यासारखं झालं होतं. उपड्या पडलेल्या माणसाला उचलताना दमायला होतं, तसं.

चौथ्या चादरीला दिवा हिरवा झाला आणि मी ड्रायव्हरकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं. त्याच्या मुठी आवळल्या होत्या. उजवा पाय जमिनीत दाबलेला. तोंडावर घाम. त्याला कळत होतं, आणि सुटत नव्हतं.

"हं," मी म्हटलं.

त्याचे हात उघडले. माझेही. चादर सरळ आत गेली.

मी तसाच उभा राहिलो. आवाज माझ्याच तोंडातून आला होता. जाड, जरा ओढलेला, नाकातला. ज्याची मी वाट बघत होतो, तोच. त्यात काही फरक नव्हता.

"काका, पुढची," मॅडम म्हणाल्या.

पाचवी घेतली. "हं." सहावी. "हं." ड्रायव्हरनं दिव्याकडे बघणं सोडून दिलं. दहाही सरळ गेल्या. पलीकडून मावशीनं शेवटच्या चादरीचा कोपरा वर करून दाखवला. दुमडलेला नव्हता.

मॅडम आणि सुपरवायझर बाजूला जाऊन कुजबुजले. मग मॅडम आल्या. "काका, मी दिव्याकडे बघा म्हटलं होतं. बोलायचं नव्हतं."

"हो."

"म्हणजे जुनं विसरलं नाही तुम्ही."

"नाही जमलं, मॅडम."

कुणाला काय येतं ते दाखवणारा एक फळा दारापाशी आहे. पूर्ण आलं की हिरवा ठिपका, अर्धवट आलं की पिवळा. मॅडमनी आमच्या दोघांच्या नावापुढे पिवळा लावला. सुपरवायझर म्हणाला, "पिवळ्यावर रोलर चालतो. पण जोडी बदलायची नाही. तुम्ही दोघंच एकमेकांबरोबर."

ड्रायव्हर म्हणाला, "हे तर लग्नच लावलं की."

जेवणानंतर आम्ही रोलरवर उभे राहिलो. ओल्या चादरींची ट्रॉली आली. मी एक टोक उचललं. समोर ड्रायव्हरनं दुसरं उचललं. तिथे ही उभी राहायची. गप्प, माझ्या तोंडाकडे बघत. इतकी वर्षं ती बघत होती आणि मला वाटत होतं की मी तिचं ऐकतोय. चादर टेकवली. दिवा हिरवा झाला. मी हिच्या जागेकडे बघत राहिलो.

ड्रायव्हर सोडेना. रोलर चादर ओढायला लागला, त्याचे हात दांडीजवळ जात होते, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काका, बोला की."

"हं," मी म्हटलं.