चौथं ताट

“तिला सांगा, ती आमच्याबरोबर जेवेल. याच टेबलाशी आणि याच ताटांत,” इंगाबाई इंग्रजीत म्हणाल्या आणि मोठ्या आशेनं वत्सलाबाईंच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

वत्सलाबाईंनी घसा साफ केला. स्वयंपाकघराच्या दारात पुतळी उभी होती. लुगड्याचा पदर खोचलेला, नजर फरशीवर. तिचा कामाचा तो पहिला दिवस.

“पुतळे, बाई म्हणतात, दुपारचं जेवण इथंच मिळेल. मागच्या पडवीत बसून जेवायचं. आणि ताट आपलं घरून आणायचं.”

“बरां. आनीन,” पुतळी म्हणाली.

“काय म्हणते?” इंगाबाईंनी विचारलं.

“तिला खुर्चीवर बसायची सवय नाही म्हणते. मागं बसून जेवलेलंच तिला बरं वाटेल.”

इंगाबाईंचा चेहरा पडला. “मी तिचा अपमान तर नाही ना केला?”

“छे हो,” वत्सलाबाई म्हणाल्या आणि समोरच्या बशीतलं बिस्किट उचलून खाल्लं. खोटं बोलल्यावर तोंडात काहीतरी असलेलं बरं असतं.

ही गोष्ट पंचाहत्तर सालची. धाटावला नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यातल्या एकाची यंत्रं बसवायला स्वीडनचा एक इंजिनिअर बायको आणि पाच वर्षांची लिसा यांना घेऊन रोह्याला आला होता. कुंडलिकेच्या काठावर त्यांना बंगला मिळाला. बाईंचं नाव इंगा. आता मराठी मुलखात येऊन कुणी असं नाव सांगितल्यावर लोक गप्प बसतात होय? ‘नवी मडम इंगा दाखवणार’ हे पहिल्याच आठवड्यात अख्ख्या बाजारपेठेचं म्हणून झालं. प्रत्यक्षात बाईंना दूधवाल्यावरसुद्धा आवाज चढवता येत नव्हता. घरात कामाला माणूस ठेवायचं याचीच त्यांना लाज वाटे. पुतळी फरशी पुसायला बसली की या दुसरं फडकं घेऊन तिच्या शेजारी बसत. पुतळी घाबरून उठे, म्हणून याही उठत, आणि फरशी बिचारी अर्धी ओली राही.

वत्सलाबाई टिपणीस गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांचे यजमान दिनानाथ त्याच कारखान्याच्या ऑफिसात होते, तेव्हा मडमची दुभाषी म्हणून वत्सलाबाईंची निवड आपसूक झाली. गावात भाव वधारला. मडमच्या गाडीतून बाजारात जाणाऱ्या रोह्यात त्या एकट्याच बाई.

त्या दिवशी त्या ठरवून खोटं बोलल्या असं नाही. टिपणीसांची एकेकाळी खाडीकडे भातजमीन होती. पुतळीच्या गावची माणसं खंडाचं भात घेऊन येत तेव्हा अंगणाच्या कडेला उभी राहत. नवी सून म्हणून वत्सलाबाईंनी ते पाहिलं होतं. पुढं जमीन कुळकायद्यात गेली, पण अंगणाची ती कड त्यांच्या मनातून गेली नाही. इंगाबाईंचं वाक्य कानावर पडलं आणि त्यांना एकदम सगळं दिसलं. आज पुतळी मडमच्या टेबलाशी बसली, तर उद्या आपल्या घरची कामवाली हौसा मोरीजवळून उठून पाटावर येईल. आणि परवा मडमनी आपल्याला जेवायला थांबवलं, तर आपली खुर्ची पुतळीच्या खुर्चीला लागून! एवढं दिसलं आणि जीभ आपोआप वळली. मुलांना त्या भाषांतर शिकवताना नेहमी सांगत, की मूळ वाक्यात नसलेलं काही घालू नका. स्वतःला सांगायचं मात्र त्या दिवशी राहून गेलं.

इंगाबाई हार मानणाऱ्या नव्हत्या. दुपारी एकच्या ठोक्याला त्या टेबलावर चार ताटं मांडू लागल्या. पांढरी चिनी मातीची, निळ्या काठाची. तीन माणसं जेवत, चौथं ताट तसंच राही.

“तिचं मन बदललं तर?” त्या वत्सलाबाईंना म्हणाल्या. “आपल्याला जागा नाही असं तिला वाटायला नको.”

पडवीतून पुतळीला टेबल दिसे. माणसं तीन आणि ताटं चार. ती पितळीतला भात कालवता कालवता विचार करी. महिनाभरानं एसटी स्टँडजवळ तिनं वत्सलाबाईंना गाठलं.

“बाई, मडमचा एक पोर गेलेला दिसतंय.”

“कशावरून म्हणतेस?”

“रोज त्याचा पान मांडते बिचारी, आन् वाढत मातुर कायच नाय. त्यांच्या देशात कावले नसतील.” पुतळीनं आवाज खाली आणला. “कोनाला सांगू नका. त्यांची जेवनां झाली क मी त्या ताटात चार शितां घालून कुंपनाव ठेवतंय. लगेच कावला शिवतंय. पोरगा मायेचा असंल.”

सांगायची वेळ हीच होती. ‘अगं, ते ताट तुझं आहे,’ एवढे पाच शब्द. वत्सलाबाईंनी तोंड उघडलंसुद्धा. पण हे सांगायचं तर पहिल्या दिवशीचंही सांगावं लागणार होतं. समोर पेणची गाडी लागली, कंडक्टर ओरडू लागला.

“असेल बाई,” त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

इकडे इंगाबाई खिडकीतून रोज पाहत, की पुतळी चौथं ताट उचलते, त्यात भात घालते आणि कुंपणावर ठेवते. त्यांना भरून येई. “आपल्या वाट्याचं ती पाखरांना देते,” त्या म्हणाल्या. “मी हे आईला पत्रात लिहिलंय.”

“आमच्याकडे तशी पद्धतच आहे,” वत्सलाबाईंनी सांगितलं. हे खरं होतं, हीच त्यातली गंमत. एकदा लबाडी केली की तिला खऱ्याचं अस्तर लावता येतं, आणि मग ती अंगाला टोचत नाही. निदान दिवसा तरी टोचत नाही.

दीड वर्ष असं गेलं. इंगाबाई आता भातावर सुका जवळा घेऊन खाऊ लागल्या होत्या आणि पुतळीबरोबर राहून मराठी बोलू लागल्या होत्या. पण कुठलं मराठी? एके दिवशी भर बाजारात, हेडमास्तरांच्या देखत, त्यांनी गाडीतून हाक मारली, “काय गो वत्सला, जेवलीस क?” हेडमास्तर छत्री उघडून तिच्याआड हसले. वत्सलाबाईंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण गो म्हटल्याचं दुःख त्या मानानं थोडं होतं. मडमला आता आपली गरज उरली नाही, आणि एक दिवस या दोघी आपसात बोलतील, ही खरी भीती होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

तो दिवस सर्वपित्रीला आला. इंजिनिअरचं काम संपलं होतं. दिवाळीनंतर ती मंडळी परत जाणार होती. सामानाची यादी करायला वत्सलाबाई बंगल्यावर आल्या होत्या आणि टेबलाशी चहा घेत होत्या. पुतळी मागच्या दारानं आली ती न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून. हातात फडक्यानं झाकलेली टोपली होती. तीत वडे, खीर आणि अळूची भाजी. टोपली ओट्यावर ठेवून ती पहिल्यांदाच टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“मडम, आज मोठा दिस हाय. तुमी जाल, मंग त्याला कोन घालंल? आज त्याच्या नावानं सगला केलंय. नाव तवडा सांगा. नाव घेतल्याबिगर पान पोचत नाय.”

“कोनाचा नाव?” इंगाबाईंनी विचारलं.

“तुमचा पोर गेला त्याचा. हा ताट ज्याचा हाय त्याचा.”

इंगाबाई आधी गोंधळल्या आणि मग हसल्या. “माझा पोर कोन नाय गेला. हा ताट तुझा गो! पयल्या दिसापासून तुझा. वत्सलानं सांगला नाय क तुना?”

वत्सलाबाईंचा कप बशीवर वाजला. त्यांना वर बघवेना. टेबलक्लॉथच्या कडेला विणलेली लाल फुलं त्या मोजत राहिल्या. आता पुतळी बोलेल. पडवीचं सांगेल, घरून ताट आणायला लावलं ते सांगेल. आपली नोकरी, दिनानाथांचं ऑफिस, गावातलं नाव, सगळं त्या बाईच्या जिभेच्या टोकावर होतं.

पुतळीनं ताटाकडे पाहिलं. मग तिनं वत्सलाबाईंकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. खाडीकाठच्या माणसाला पाणी कुठून शिरलं ते दाखवावं लागत नाही.

“सांगला व्हता,” ती म्हणाली. “बाईंनी तवाच सांगला व्हता. मीच इसारले.”

आणि ती हसायला लागली. “म्हंजे दोन वरसां मी माझाच सराध घातलंय म्हना क! आन् कावला पन कसा, झडप घालून यायचा!”

इंगाबाईंना सराध काय ते कळलं नाही, पण पुतळी हसते म्हणून त्याही हसल्या, लिसा टाळ्या पिटू लागली. इंगाबाईंनी चौथी खुर्ची मागं ओढली. “आता तरी बस.”

“नको मडम. कावला शिवल्या ताटात जित्या मानसानं जेवू नय.” तिनं ते ताट उचललं, मोरीत नेऊन धुतलं, पदरानं कोरडं केलं आणि जागच्या जागी ठेवलं. मग आपली पितळी घेऊन ती पडवीत जाऊन बसली. त्या दिवशी कुंपणावर कुणी भात ठेवला नाही. कावळा बराच वेळ ओरडत होता.

दिवाळीनंतर ती मंडळी गेली. जाताना इंगाबाईंनी निळ्या काठाचं ते ताट वर्तमानपत्रात गुंडाळून पुतळीला दिलं आणि वत्सलाबाईंना तो लाल फुलांचा टेबलक्लॉथ. वर एक चिठ्ठी होती, ‘तुझ्यामुळे आम्हाला पुतळी समजली.’ वत्सलाबाईंनी चिठ्ठी टेबलक्लॉथच्या घडीत घातली, टेबलक्लॉथ ट्रंकेच्या तळाशी घातला आणि वर हिवाळी कपडे रचले. पुढं कुणी कितीदा विचारलं तरी त्यांनी तो टेबलक्लॉथ काढला नाही.

पुतळी रस्त्यात भेटे. “बऱ्या हाव क बाई?” विचारून पुढं जाई. एकदा वत्सलाबाई म्हणाल्या, “ये की एकदा घरी जेवायला.” “येन कवातरी,” पुतळी म्हणाली. ती आली नाही, आणि पुन्हा बोलवायचा धीर यांना झाला नाही. मग काळुरामला, तिच्या नवऱ्याला, गावाकडच्या मिठागरावर मुकादमी मिळाली आणि ती दोघं रोहा सोडून गेली.

वीस वर्षं म्हणजे काही थोडकी नाहीत. वत्सलाबाई निवृत्त झाल्या, दिनानाथ गेले, रोह्याचं घर विकून त्या पेणला मुलाकडे राहायला आल्या. दर सर्वपित्रीला गच्चीवर दिनानाथांचं पान ठेवत आणि कावळा शिवेपर्यंत उभ्या राहत. दर वर्षी तिथं उभं असताना त्यांना नवऱ्याच्या आधी पुतळी आठवे. खाई त्याला खवखवे, तशी वीस वर्षं ती गोष्ट घशात बसली होती. शेवटी एका माघात, कुणाला न सांगता, त्या एसटीनं पुतळीच्या गावाजवळ, गडबला उतरल्या आणि विचारत विचारत खाडीच्या बाजूला चालत गेल्या.

पुतळी अंगणात सुकट वाळत घालत होती. केस पांढरे, पाठ वाकलेली. पण तिनं लगेच ओळखलं.

“अगो बाय, टिपनीसबाई! चालत आल्याव? या, बसा.” तिनं शेजारच्या घरातून प्लास्टिकची खुर्ची मागून आणली. वत्सलाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, जमिनीवर टेकल्या. खुर्ची मधेच रिकामी राहिली.

काळुराम चार वर्षांपूर्वी गेल्याचं तिनं सांगितलं. तेवढ्यात भात उतरला, जवळा परतून झाला. तिनं स्टीलच्या ताटात वाढून वत्सलाबाईंच्या पुढं ठेवलं. भिंतीतल्या फळीवर निळ्या काठाचं ताट पालथं घातलेलं होतं.

“पुतळे,” वत्सलाबाई म्हणाल्या, “तेव्हा मी तुला...”

“ठावं हाय. जेवा. भात निवतंय.”

“तू का खोटं बोललीस माझ्यासाठी?”

पुतळीनं जरा विचार केला. “तुमी थरथरत व्हताव. चहा सांडला असता.”

वत्सलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. “आज तू माझ्याबरोबर जेव. एका पंक्तीला. मी त्यासाठीच आलेय.”

“मडमवानी बोललाव,” पुतळी हसली. मग शांतपणे म्हणाली, “बाई, तवा मना भूक व्हती. मडम काय खातान, कशी खातान, ते बघत बसून जेवाचा लय मन व्हता. पडवीतनं मान लांब करून बघाची मी. तवा कोनी सांगला नाय. आता सांगताव, तं भूक नाय.”

यात राग नव्हता. राग असता तर वत्सलाबाईंना पाय धरता आले असते. पुतळी पलीकडे बसून पदरानं माश्या वारत राहिली आणि वत्सलाबाई जेवल्या. शेवटच्या शितापर्यंत जेवल्या, कारण ताटात टाकायचा हक्क आपल्याला नाही हे त्यांना कळत होतं.

जेवण झाल्यावर त्यांनी ताट उचललं. आपल्याकडे पाहुणा ताट उचलायला लागला की घरची बाई हां हां करून हात धरते, राहू द्या म्हणते. वत्सलाबाई ताट हातात धरून क्षणभर थांबल्या. पुतळीनं फक्त राखेची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

त्या मोरीवर बसल्या. ताट घासलं, विसळलं, पदरानं कोरडं केलं. मग फळीवर त्या निळ्या काठाच्या ताटाशेजारी ते पालथं घातलं.