बावन्न किलो

हरिभाऊंनी खुर्चीवरच्या पोत्याला दोन्ही हात घातले आणि ते उचलायला गेले, तशी जिममध्ये शिकवणाऱ्या भैरवीनं मागून त्यांच्या कमरेवर काठी टेकवली.

“आप्पा, थांबा. पाठीचं धनुष्य झालं बघा.”

हरिभाऊंनी पोतं सोडलं. वाळूचं होतं, बावन्न किलोचं. भैरवीनं अंदाजानं भरलं होतं, पण ह्यांनी ते पुन्हा काट्यावर चढवून, मूठमूठ वाळू काढून बरोबर बावन्नावर आणलं होतं. चौतीस वर्षं निपाणीच्या तंबाखू बाजारात तोलार म्हणून काढलेला माणूस; अंदाजावर कसा राहणार? मात्र तोलारानं वजन करायचं आणि हमालानं उचलायचं, असा बाजाराचा नियम. उचलायची पाळी हरिभाऊंवर आली ती सहासष्टाव्या वर्षी, आणि त्यासाठी ते रोज दहा वाजता, जिम रिकामी झाली की, हा जिना चढत होते.

त्यांच्या बायकोचे, बेबीताईंचे, उजवा हात आणि पाय चार महिन्यांपूर्वी लुळे पडले. दवाखान्यात भरती करताना त्यांचं वजन बावन्न भरलं होतं. मुलगा सुहास सकाळी साडेसहाच्या एस्टीनं बेळगावला कामावर जाई, तो रात्री उगवे. तो उचलील तेव्हाच त्या खाटेवरून उठायच्या. बाकी दिवसभर छताकडं बघणं. त्यांना फार काही नको होतं. सकाळचं ऊन दारात येतं तेवढा वेळ तिथं खुर्चीवर बसायचं होतं. हरिभाऊंनी दोनदा उचलून बघितलं. दुसऱ्या वेळी त्यांची कंबर धरली आणि दोघंही जमिनीवर बसली. तेव्हा बेबीताईंनी सांगून टाकलं, “आता मला हात लावायचा न्हाय. तुमी बी पडलासा तर दोघांस्नी कोण बघनार?”

म्हणून हा व्यायाम. त्याला रोमेनियन डेडलिफ्ट म्हणतात, असं भैरवीनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. नाव परदेशी असलं तरी तिची शिकवण घरगुती होती. “दोन्ही हातांत भरल्या कळश्या हायत आन मागचं दार ढुंगणानं ढकलायचंय, असं समजा. गुडघं जरा सैल. पाठ फळीसारखी. बार मांडीला घासत खाली, घासत वर. ताण मांडीच्या मागं आला पायजे. कमरेत आला तर चुकलं.”

लोखंडी बारवर हरिभाऊंना हे तिसऱ्याच आठवड्यात साधलं. बार घासून त्यांच्या पँटीच्या मांड्या चकाकायला लागल्या होत्या. पण परवा भैरवीनं खुर्चीवर पोतं आणून ठेवलं आणि सगळं मुसळ केरात गेलं.

“बार अंगाला लावून धरता. मग पोतंच का लांब?”

हरिभाऊंनी टॉवेलनं तोंड पुसलं. घाम फारसा नव्हताच.

“बार बार हाय.”

“आन पोतं?”

“पोतं म्हंजे बेबीआक्का हाय असं समजा, म्हणून तूच म्हनालीस न्हवं?” ते खिडकीकडं बघत म्हणाले. “समोर सून असतीया, पोरी. लग्नाला चाळीस वर्षं झाली. चार मानसांत तिच्या शेजारी कधी बसलो न्हाय. आन आता सुनंच्या पुढ्यात मिठी मारू?”

भैरवीला हसू आलं, पण त्यांचं तोंड बघून तिनं ते गिळलं. एवढे दिवस ती त्यांची कंबर सुधारत होती आणि दुखणं भलतीकडंच होतं.

“आप्पा, तराजूची दांडी तुमास्नी मी शिकवायची का? मधल्या काट्यापास्नं जितकं लांब, तितकं वजन वाढतंय. लांब धरून कंबर जानारच. आक्कास्नी घिऊन पडायचं का लाजायचं, तेवढं तुमी ठरवा.”

दांडीचं गणित हरिभाऊंना कुणी सांगायला नको होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं. त्यांनी टॉवेल बाजूला टाकला. मग पोत्यापुढं गेले, कुल्ले मागं नेले, मान एका बाजूला वळवली आणि पोत्याला गच्च मिठी मारली. पोतं उठलं. भैरवीनं त्यांच्याकडून दहादा उचलून घेतलं आणि काठी कोपऱ्यात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ऊन आलं तेव्हा सून माधवी शिवणयंत्रावर होती. हरिभाऊंनी तिला खुर्ची खाटेजवळ आणायला सांगितली.

“परत?” बेबीताई म्हणाल्या.

“एकदाच. न्हाय जमलं तर पुन्हा नाव काढनार न्हाय.”

हे त्यांनी सहज म्हटलं नव्हतं. बायकोला दिलेला शब्द ते पाळत, आणि हेही त्यांना पाळावं लागलं असतं. त्यांनी बेबीताईंना खाटेच्या काठावर बसवलं. मग घसा खाकरला.

“माधवी, तू जरा आत...”

“ती कुटं जातीया?” बेबीताई म्हणाल्या. “आमी पडलो तर खुर्ची कोण धरनार? थांब गं तू.”

माधवी थांबली. खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरून ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं इतकं मन लावून बघायला लागली, की जणू या महिन्यातल्या दोन्ही एकादश्या तिला आत्ताच हुडकायच्या होत्या.

हरिभाऊंनी गुडघे सैल सोडले. पाठ सरळ ठेवून ते वाकले आणि बेबीताईंचा धड असलेला डावा हात आपल्या गळ्यात घेतला. त्या हातातली बांगडी मनगटावरून निघाली ती थेट कोपरापर्यंत घसरली आणि त्यांच्या कानाला लागली. त्यांनी बायकोला छातीशी धरलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. चाळीस वर्षं तो वास त्यांनी अंधारातच घेतला होता. ताण बरोबर मांडीच्या मागं आला, आणि ते उठले. त्यांच्याबरोबर बेबीताईही उठल्या, उभ्या राहिल्या.

इतक्या सहज, की आधी हरिभाऊंना वाटलं, पोरीचं खरं. जवळ धरलं की हलकं लागतं.

पण काल पोतंही त्यांनी असंच जवळ धरलं होतं. हात तोलाराचे होते, त्यांना फसवता येईना. हे बावन्न नव्हतं. चव्वेचाळीस. फार तर पंचेचाळीस. सात-आठ किलो बाई ह्या घरातून, ह्या खाटेवरून, आपल्या डोळ्यांदेखत निघून गेली आणि आपल्याला पत्ता नाही. इतके दिवस कंबर सांभाळत होतो, आणि बायको लांबूनच बघत होतो.

बेबीताईंनी कोपराला अडकलेल्या बांगडीकडं बघितलं. मग त्यांच्या कानाशी, सुनेला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, “अवो, किती भरले मी?”

“बावन्न,” हरिभाऊ म्हणाले. बाजारात आकडा पुकारत तसा मोठ्यानं पुकारला.

चौतीस वर्षांत त्यांनी पुकारलेला आकडा कुणी पुन्हा काट्यावर घालून बघितला नव्हता. बेबीताईंनीही तो तसाच घेतला. त्यांनी हनुवटी नवऱ्याच्या खांद्यावर नीट टेकवली.

“मग ठेवा की आता. एवढ्या वजनानं कंबर जाईल तुमची.”

“न्हाय जात,” हरिभाऊ म्हणाले, आणि तिला तसंच धरून उभे राहिले.