अहवालातल्या पाच हजार लिंका

अंजुमला मोताळ्याच्या शेतकरी माहिती केंद्रात काम मिळालं, तेव्हा तिथला कॉम्प्युटर आधीच भरलेला होता. तिच्याआधी तिघं जण तिथे काम करून गेले होते आणि प्रत्येकानं इंटरनेटवर जे पान बरं दिसलं ते बुकमार्क करून ठेवलं होतं. बीटीच्या बियाण्याची पानं, हवामान, बाजारभाव, खतं, फवारणी, विषबाधा. काही फोल्डरांत एकच लिंक चार-चार वेळा होती. पहिल्या महिन्यात अंजुम ते सगळं बघून हरखली होती. हळूहळू तिच्या लक्षात आलं की त्यातल्या पुष्कळ लिंका उघडतच नाहीत.

केंद्र एका संस्थेचं होतं. बसस्टँडमागच्या गाळ्यात दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि इंटरनेटचं डोंगल. संस्थेकडून भाऊराव ते सांभाळायचे. पन्नाशी ओलांडलेले, मऊ बोलणारे, सदा कुठल्यातरी बैठकीला निघालेले.

अंजुमचं लग्न मलकापूरला झालं होतं. दोन वर्षांतच ती परत आली. का आली ते घरात कुणी विचारत नव्हतं, पण ती परत आली आहे हे कुणी विसरूही देत नव्हतं. वडील गुलजार पिंजारी, आयुष्यभर लोकांच्या गाद्या पिंजल्या. आता छातीत कापूस बसल्यासारखा खोकला. घर चालायचं मोठ्या भावावर, मोईजवर. मोईज सकाळी तिला मोटारसायकलवर केंद्राच्या दारात सोडायचा आणि संध्याकाळी दारातूनच न्यायचा. गाळ्याला दार एकच होतं आणि समोर मोईजच्या दोस्ताचं पंक्चरचं दुकान होतं. तो दिवसभर टायर ठोकत तिकडेच तोंड करून बसलेला असायचा. तरी अंजुमला केंद्र आवडायचं. घरी तिच्याशी बोलणारे अब्बा सोडले तर कुणी नव्हतं. इथे माणसं येऊन तिला काहीतरी विचारायची.

बीटी कापूस येऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. बोंडअळी कमी झाली, पण तुडतुडे आणि पांढरी माशी वाढली आणि फवारण्या काही थांबल्या नाहीत. त्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात, दुपारी, अंबूबाई नावाची बाई धापा टाकत आत आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली औषधाची बाटली होती. बाहेर ॲपे रिक्षात तिचा नवरा तुळशीराम आडवा झालेला.

"बाई, सकाळपासून फवारा मारून राह्यले होते. आता उलट्या करून राह्यले. याच्यात काय हाये थे पाह्यन सांगा. दवाखान्यात विचारतीन म्हणून म्या पयले इकडे आली."

उन्हाळ्यात भाऊरावांनी गावागावांत सभा घेऊन सांगितलं होतं की काहीही अडलं तर केंद्रात या. अंबूबाईनं ते मनावर घेतलं होतं.

अंजुमनं बाटली पाहिली. लेबल औषधानंच विरघळून गेलं होतं. लाल त्रिकोण आणि दोन-तीन अक्षरं तेवढी दिसत होती. ती रिक्षापाशी गेली. तुळशीरामच्या तोंडातून लाळ गळत होती, सदरा घामानं चिंब होता, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. असं काहीतरी तिनं एका पानावर वाचलं होतं. त्या पानावर बाटल्यांची चित्रं होती, कोणत्या औषधात काय असतं आणि अंगावर गेलं तर काय करायचं ते लिहिलेलं होतं. ती पळत येऊन खुर्चीवर बसली आणि तिनं विषबाधेचं फोल्डर उघडलं.

पहिली लिंक उघडली नाही. दुसरी उघडली नाही. डोंगल इतकं सुस्त होतं की पान नाही एवढं सांगायलाही ते मिनिट घ्यायचं. तिसरी म्हणजे पहिलीच होती, नाव तेवढं वेगळं दिलेलं. चौथीसुद्धा तीच. अंबूबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

"झालं का, बाई?"

"एक मिनिट, मावशी."

अंजुमनं फवारणीच्या फोल्डरात तेच पान शोधलं. तिथेही ते होतं आणि तिथेही ते उघडत नव्हतं. पडद्यावरचा गोल फिरत राहिला. बाहेर तुळशीरामला पुन्हा उलटीची उबळ आली, तेव्हा कुठे तिला कळलं की आपण काय करत बसलो आहोत. ती उठली.

"मावशी, बाटली घ्या. सीध्या दवाखान्यात चला. अंगातला सदरा काढा त्यायच्या."

ती स्वतःच रिक्षात बसली. वाटेत दोघींनी तुळशीरामचा सदरा काढला, ओढणी भिजवून त्याची छाती आणि हात पुसले. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी बाटलीकडे एक नजर टाकली, तुळशीरामचे डोळे पाहिले आणि लगेच सुई तयार करायला सांगितली. औषधाचं नाव कळायची त्यांना गरजच पडली नाही. दोन तासांनी त्याला बुलढाण्याला हलवलं.

तुळशीराम वाचला. पण महिन्याभरानं त्याच्या पायांतली ताकद गेली. पावलं जमिनीवर पडतात ते कळेना. अंजुमनं नंतर एकदा रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना विचारलं, "थोडं लवकर आणलं असतं तर?"

"तसं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "या औषधानं असं कधीकधी नंतर होतं." मग ते पुढच्या पेशंटकडे वळले.

तुळशीरामला दवाखान्यात नेलं त्या दिवशी संध्याकाळी मोईजनं तिला घरी आणलं. ओसरीत आल्यावर विचारलं, "रिक्षात बसून कुठं गेली होती?"

तिनं सगळं सांगितलं.

"तुझं काम खुर्चीवर बसून करायचं हाये," तो म्हणाला. "खुर्चीवर होत नसल तर घरी बस. खामगाववाले अजून थांबून हायेत." खामगावला एक विधुर होता, तीन लेकरांचा. त्याचं स्थळ वर्षभर घरात असं टांगून ठेवलेलं होतं. गुलजार खाटेवर बसून खोकत राहिले. मोईज आत गेल्यावर हळूच म्हणाले, "वो आदमी जिंदा है ना? बस फिर."

बिनकामाच्या लिंका शोधून काढणारं सॉफ्टवेअर असतं हे अंजुमला त्यानंतर कळलं. फुकट होतं, लहान होतं. ते प्रत्येक बुकमार्क एकेक करून ठोठावायचं. जिवंत असेल तर हिरवं, मेलेलं असेल तर लाल, आणि दुसऱ्याची नक्कल असेल तर पिवळं. भारनियमनामुळे मध्येच लाइट जायची आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. म्हणून तिनं एकेक फोल्डर घेतलं. तरी सॉफ्टवेअरवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नव्हता. सरकारी पानं उघडायला इतका वेळ घ्यायची की ते त्यांनाही लाल करून टाकायचं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं कापसाचं पान असंच लाल झालं होतं, आणि ते तर चांगलं चालत होतं. म्हणून लाल झालेली प्रत्येक लिंक ती स्वतः उघडून बघायची. सरकी विकणारे, गायीचा विमा विचारणारे येऊन जायचे, आणि ती पुन्हा पडद्याकडे वळायची. दिवाळीपर्यंत ते चाललं. शेवटी पाच हजारांतल्या जेमतेम चारशे लिंका कामाच्या निघाल्या.

तिनं भाऊरावांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पडदा बघितला, चष्मा काढला.

"अजून डिलीट नाई ना केलं?"

"नाई. आज करते."

"करू नोको."

ते खुर्ची ओढून बसले. "हे पाह्य, अंजुम. पैसे देणाऱ्यायच्या अहवालात आपण काय लिहितो? पाच हजार लिंकायचा माहितीसाठा. थो आकडा पाहून त्यायनं केंद्र चालू ठेवलं. फेब्रुवारीत पाहणी हाये. चारशे दिसले तर थे म्हणतीन, बाकीचे कुठी गेले?"

"बाकीचे उघडतच नाई ना, काका."

"उघडून कोण पाह्यतं? मोजून पाह्यतात."

भाऊराव आवाज खाली आणून म्हणाले, "केंद्र बंद झालं तर माह्यं कसंही भागून जाईन. तू कुठी जाशीन?"

त्यांनी ते धमकावून म्हटलं नव्हतं. खरंच काळजीनं म्हटलं होतं. समोर पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

तरी तिनं ते केलं. दोन दिवसांनी अंबूबाई बाजारातून जाताना आत डोकावली. नवऱ्याच्या पायांना मालिश करायचं तेल घेऊन चालली होती. काही मागायला आली नव्हती. पाच मिनिटं टेकली, पाणी प्याली, कापूस वेचायला मजूर मिळत नाही म्हणाली आणि गेली. तिच्या पाठीमागे अंजुमनं लाल आणि पिवळ्या लिंका निवडल्या आणि पुसून टाकल्या. फोल्डरं एकदम लहान झाली. विषबाधेच्या फोल्डरात दोनच लिंका राहिल्या, पण दोन्ही उघडत होत्या.

भाऊरावांना कळलं ते पुढच्या आठवड्यात. ते ओरडले नाहीत. बुलढाण्याच्या ऑफिसातून त्यांनी पेन ड्राइव्हवर जुन्या अहवालासोबतची लिंकांची फाईल आणली आणि स्वतः बसून ती कॉम्प्युटरमध्ये भरली. त्या कामाची त्यांना फारशी सवय नव्हती. ब्राउझरनं जुनी फाईल आहे त्यात मिसळली: मेलेल्या साऱ्या परत आल्या आणि जिवंत होत्या त्यांची एकेक जोडी झाली. पाच हजारांच्या पाच हजार चारशे झाल्या.

"आता हात लावू नोको," भाऊराव म्हणाले. "माह्या गळ्याची शपथ हाये तुले."

फेब्रुवारीत पाहणीला पुण्याहून एक बाई आल्या. त्यांनी अंजुमशी आदरानं बोलून चहा घेतला, नोंदवहीतल्या सह्या पाहिल्या आणि लिंका किती ते विचारलं. भाऊरावांनी सांगितलं. बाईंनी खाली-वर सरकवून फोल्डरं पाहिली.

"चारशेनं वाढ. फारच छान." त्यांनी टिपून घेतलं. "पुढच्या वर्षी सात हजार करूया. आणि हे इतर केंद्रांनाही द्या. उंद्रीला नवीन सुरू झालंय ना? यांनाच पाठवा शिकवायला."

अंजुमनं तोंड उघडलं होतं. भाऊरावांनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. तिनं तोंड मिटलं आणि कप उचलून आत नेले. मोरीपाशी उभी राहून ती ते कप गरजेपेक्षा जास्त वेळ धूत राहिली.

गाडी निघून गेल्यावर ती म्हणाली, "काका, तुमी हे सोडून दुसरीकडे काऊन नाही गेले कधी?"

भाऊराव कागद गोळा करत होते. "गेलो होतो. औरंगाबादले. सहा महिने राह्यलो." त्यांनी कागद पिशवीत टाकले. पेन ड्राइव्ह तिच्या टेबलावर ठेवला. "मंगळवारी उंद्रीले जा. याच्यात भरून घे."

उंद्रीला जायचं म्हटल्यावर मोईज आधी नाही म्हणाला. संस्थेचं पत्र बघितल्यावर म्हणाला, अब्बांना सोबत ने. म्हणून मंगळवारी बापलेक एसटीत बसले, बुलढाण्याला आणि चिखलीला गाडी बदलली. गुलजार खिडकीशी बसून कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेली वावरं बघत होते. घरापासून इतक्या लांब ते बऱ्याच वर्षांनी आले होते आणि लहान मुलासारखे खुश होते. अंजुम हातातली पर्स घट्ट धरून होती.

पेन ड्राइव्हमध्ये तिनं चारशेचीच फाईल भरली होती. पुसून झालं त्या दिवशीच तिनं ती कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात ठेवून दिली होती. भाऊरावांना तिनं ते सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही, निघताना तिच्या पर्सकडे बघून, काही विचारलं नव्हतं.

उंद्रीच्या केंद्रात संजीवनी नावाची मुलगी होती, नुकतीच कामाला लागलेली. तिनं फाईल भरून घेतली आणि लिंका मोजल्या.

"इतक्याच? मले सांगतलं होतं पाच हजार हायेत म्हणून."

"अहवालात पाच हजार लिही," अंजुम म्हणाली. "काम याच्यावर कर."

संजीवनीला ते नीट कळलं नाही. ती एकेक लिंक उघडून बघू लागली. हवामान उघडलं. भाव उघडले. विषबाधेच्या फोल्डरातली पहिली लिंक उघडली आणि पडद्यावर एका माणसाचं चित्र आलं, आणि त्याच्या शेजारी मराठीत काय करायचं ते एकाखाली एक लिहिलेलं. संजीवनी ते वाचत राहिली. अंजुम तिच्यामागे खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. गुलजार बाकावर पेंगत होते. अंजुमनं ती लिंक फोनमध्ये कशी घ्यायची, सॉफ्टवेअर महिन्यातून एकदा कसं चालवायचं आणि ते कुठे चुकतं, सगळं दाखवलं. संजीवनीनं हाताच्या तळव्यावर पेननं लिहून घेतलं.

परतीची गाडी उशिरा मिळाली. मोताळ्याच्या स्टँडवर मोईज मोटारसायकल घेऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिला नेहमीप्रमाणे केंद्राच्या दारात सोडलं. पंक्चरवाल्यानं मान हलवली. टेबलावर भाऊरावांची चिठ्ठी होती: सात हजारांचं बघायला आतापासूनच लाग. अंजुमनं कॉम्प्युटर चालू केला. डोंगलचा दिवा लागायला वेळ लागला. मग तिनं कपाशीचं एक पान शोधलं, ते वाचलं आणि पाच हजार चारशेंच्या ढिगात टाकलं. ते कापसाच्या फोल्डरात टाकलं, कीडनियंत्रणाच्या फोल्डरातही टाकलं, आणि पुढचं पान शोधायला लागली.