हडपसरचे सत्यजल

हडपसरच्या आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात त्या सकाळी कँटीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तीनशे माणसे टाचा उंचावून टेबलावरच्या एका काचेच्या भांड्याकडे बघत होती. भांड्यामागे बद्रीनाथजी उभे. कपाळाला गंध, अंगात सूट, कॉलरला माईक. परदेशी गिऱ्हाईकाने अट घातली होती: लाचविरोधी कार्यक्रम राबवा, नाहीतर २००७ची ऑर्डर विसरा. म्हणून मालक रावसाहेबांनी हा महात्मा भाड्याने आणला होता.

"हे सत्यजल!" बद्रीनाथजी गरजले. "लाचखोराचा हात याला सहन होत नाही. पाणी लाजतं! इंटिग्रिटी इज एनर्जी, मित्रांनो!"

टाळ्या पडल्या. मी प्रयोगशाळेचा प्रमुख, रसायनशास्त्रात एम.एस्सी. मीही वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या माणसाला न वाजवून चालत नाही.

पांढरे हातमोजे घालून बद्रीनाथजींनी प्रत्येकाला शपथेचे कार्ड दिले, ज्याचे त्याचे नाव छापलेले. ते दोन्ही हातांत धरून शपथ घ्यायची आणि बोटे पाण्यात बुडवायची. माणसे येत होती, पाणी नितळच राहत होते. खरेदीप्रमुख आप्पासाहेबांनी तर मनगटापर्यंत हात बुडवले, तरी काही नाही. मग स्टोअरकीपर दिगंबर आला. त्याची बोटे बुडाली आणि पाणी गुलाबी झाले.

एकच गलका उडाला. "पेपरात येतं तसंच! लाच घेताना पकडलेल्यांचे हात अस्सेच गुलाबी होतात!"

पेपर सगळ्यांनी वाचला होता, पण अर्धाच. त्या सापळ्यात नोटांना आधीच पावडर लावलेली असते. रंग पावडरीला येतो, पापाला नाही.

आणि दिगंबरचे पाप काय? तीन आठवड्यांपूर्वी त्याने तक्रारपेटीत निनावी चिठ्ठी टाकली होती. आप्पासाहेब मेहुण्याकडून हलके पितळ घेतात आणि वर त्याच्याकडूनच हप्ता खातात, असे लिहिले होते. चिठ्ठीवर नाव नव्हते, पण स्टोअरच्या रजिस्टरांतले त्याचे अक्षर सगळा कारखाना ओळखत होता. तक्रार समितीचे अध्यक्ष होते आप्पासाहेब. पेटीची किल्लीही त्यांच्याचकडे.

"मी नाही हो घेतली," दिगंबर रावसाहेबांना म्हणाला. "एकोणीस वर्षं झाली, साहेब. पोरीचं लग्न ठरलंय. आता कुठे जाऊ मी?"

"पाणी खोटं बोलत नाही," आप्पासाहेब म्हणाले.

माझ्या शेजारी रुमाना बसली होती, सहा महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेत लागलेली. ती कुजबुजली, "सर, हे फिनॉल्फ्थॅलिन आहे. आपण रोज वापरतो."

"माहितीये. गप्प बस."

ती गप्प बसली नाही. उठून पुढे गेली. "रावसाहेब, दिगंबरकाकांचं कार्ड जरा आपण हातात धरता? दोन्ही हातांत. आता टेबलाखाली भरून ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यातल्या ताज्या सत्यजलात बोटं बुडवा."

मालकाची बोटे बुडाली आणि तेही पाणी गुलाबी झाले. मागे कोणीतरी फिस्सकन हसले.

"पाण्यात धुण्याचा सोडा आहे," रुमाना म्हणाली. "काकांच्या कार्डावर फिनॉल्फ्थॅलिनची पावडर, ती सोड्यात गुलाबी होते. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. नावं छापलेली, म्हणजे कोणतं कार्ड कोणाच्या हातात पडणार ते आधीच ठरलेलं. एवढाच चमत्कार. पटत नसेल तर रावसाहेबांनीही लाच घेतली म्हणा."

"कार्डात त्याची निगेटिव्ह एनर्जी उतरलीय!" बद्रीनाथजी ओरडले.

"मग ती नळाच्या पाण्यात दाखवा."

बद्रीनाथजींच्या माईकची बॅटरी नेमकी तेव्हाच संपली.

गोष्टीत इथे बुवा पळून जातो. आमच्याकडे चहा आला. रावसाहेबांनी रुमालाला हात पुसले. "झालं ते झालं. बाहेर बोभाटा नको." बुवाला पूर्ण मानधन मिळाले, वर गाडीभाडे.

रुमानाने रावसाहेबांना एक पानभर लिहून दिले. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हाती पडू नये. तक्रार करणाऱ्याची नोकरी जाऊ नये. खरेदी वर्षानुवर्षे एकाच माणसाकडे राहू नये. रावसाहेबांनी ते वाचले आणि म्हणाले, "अक्षर छान आहे हो तुमचं."

महिन्याने परदेशी तपासनीस आले. त्यांनी शपथविधीचे फोटो पाहिले, प्रमाणपत्र दिले, जेवून गेले. आप्पासाहेब अजून अध्यक्ष आहेत. दिगंबरने 'स्वखुशीने' राजीनामा दिला. त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी आहे. माझ्या निवृत्तीला चार वर्षे उरली होती. सही करताना दिगंबरने माझ्याकडे पाहिलेही नाही. मला माझ्या त्या सहीची लाज वाटते, आणि त्या लाजेचा दिगंबरला काडीचाही उपयोग नाही.

तेव्हा वाचकहो, आमच्याकडे लाच चालत नाही असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर शपथा आणि प्रमाणपत्रे बघत बसू नका. तिथे शेवटची तक्रार कोणी केली आणि तो माणूस आज कुठे आहे, एवढे विचारा. पावडर ओळखायला रुमाना लागली. दिगंबर निर्दोष आहे हे ओळखायला कुठलेही रसायन लागत नव्हते. ते आम्हा तीनशे जणांना पाणी गुलाबी होण्याआधीपासून माहीत होते.